सूक्ष्मदर्शन आणि देवदर्शन

ज्या वस्तूपुढे आपण हात जोडतो ती वस्तू जवळून निरखून पाहावी की पाहू नये, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. देवळात गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून दर्शन घेण्याची आपली रीत आहे. अंतर राखणे हा तेथे आदराचाच एक भाग असतो. ज्ञानाची रीत याच्या उलट. वस्तू हाती घ्यावी, उलटसुलट करून पाहावी, प्रसंगी फोडूनही पाहावी, असा तिचा आग्रह. या दोन रीती एकाच मनुष्याच्या ठायी सुखाने नांदू शकतात काय, की एकीने आत पाऊल टाकताच दुसरीने बाहेर निघून जावे, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्नास निमित्त आमच्याच मुलखातले आहे. धार आणि देवास ही गावे मराठी वाचकाला पवारांच्या संस्थानांमुळे आणि त्याहून जुन्या अशा भोजराजाच्या विद्याप्रेमामुळे नावाने तरी परिचित असतात. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा यांची ठाणी आहेत, आणि शेंदूर फासलेला दगड बांधावर नाही असे गाव माळव्यात शोधून काढावे लागेल. धार जिल्ह्याच्या दक्षिणेस, नर्मदेच्या खोऱ्यात, पाडल्या नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी शेतात सापडणारे काही वाटोळे दगड 'काकर भैरव' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजत आले आहेत. हा भैरव शेताचे व गुराढोरांचे रक्षण करतो अशी त्यांची श्रद्धा. कोंकणातल्या वा गोव्यातल्या वाचकाला हे दैवत परके वाटण्याचे कारण नाही. त्याच्या गावच्या राखणदाराचाच हा माळवी भाऊ आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत असे प्रसिद्ध झाले की, लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी या भागाची पाहणी केली आणि पूजेतले हे गोल दगड म्हणजे डायनोसॉर या लुप्त प्राण्यांची अश्मीभूत अंडी होत, असे मत दिले. या भूमीत अशी अंडी आहेत यात नवल नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या व अन्य संशोधकांनी धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि त्यांतील २५६ अंडी यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते. १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची ही अंडी घालणारे अजस्र शाकाहारी प्राणी सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी येथे वावरत होते.

अशा बातमीवर दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक पक्ष हसतो. इतकी वर्षे अंड्याला नारळ फोडला, असे म्हणून तो श्रद्धेचा निकाल लावून मोकळा होतो. दुसरा पक्ष चिडतो. आमच्या देवाला हात लावण्याचे, त्याची तपासणी करण्याचे यांना कारण काय, असे तो विचारतो. वरवर विरुद्ध दिसणारे हे दोन पक्ष एका गोष्टीवर एकमत आहेत. जवळून पाहिले की पूज्यभाव उरत नाही, असे दोघेही धरून चालतात. फरक एवढाच की, एकाला ते हवे आहे आणि दुसऱ्याला त्याचे भय वाटते. ज्या गृहीतावर दोन्ही वादी-प्रतिवादी सहमत असतात ते तपासून पाहण्याची तसदी न्यायालयात बहुधा कोणी घेत नाही. आम्ही ती येथे घेऊ इच्छितो, आणि त्यासाठी अशा एका माणसाची साक्ष काढू इच्छितो की ज्याने हा प्रश्न नुसता चर्चिला नाही, तर त्यापायी आपले आयुष्य झिजविले.

यान स्वामरडाम हा हॉलंडातील ॲम्स्टरडॅम येथे १६३७ साली जन्मला. बाप औषधविक्रेता होता. देशोदेशींच्या चमत्कारिक वस्तू जमविण्याचा त्याला नाद होता, आणि व्यापारी गलबतांच्या त्या शहरात तो नाद पुरा करणे अवघड नव्हते. त्या संग्रहाची मांडणी करता करता मुलाचे डोळे बारीक पाहण्यास शिकले. पुढे १६६१ मध्ये तो लायडनच्या विद्यापीठात वैद्यक शिकावयास गेला आणि १६६७ मध्ये श्वसनक्रियेवर प्रबंध लिहून पदवीधर झाला. मुलाने आता रोगी तपासावे आणि चार पैसे मिळवावेत, असे बापास वाटले, तर त्यात गैर काही नव्हते. पण मुलाचे चित्त रोग्यांपेक्षा किड्यांत रमले. बापलेकांचा हा कलह अखेरपर्यंत मिटला नाही, आणि बापाने हात आखडता घेतल्यावर त्याचे हाल झाले. १६८० साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याचे म्हणून जे चित्र पुस्तकांतून छापले जाते, तेही त्याचे नव्हे. रेम्ब्रांटच्या एका प्रसिद्ध चित्रातील भलत्याच गृहस्थाचा चेहरा त्याच्या नावावर चढविला गेला आहे. ज्याने जगाला मुंगीचे व माशीचे खरे रूप दाखविले त्याचा स्वतःचा खरा चेहरा कोणास ठाऊक नाही.

त्याने काय पाहिले हे समजण्यासाठी त्यापूर्वी लोक काय मानीत होते हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या ऐतरेय उपनिषदात प्राण्यांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत अंडज, जारज व उद्भिज्ज यांच्या जोडीस स्वेदज, म्हणजे घामापासून वा उष्ण ओलाव्यापासून उपजणारे, हा एक प्रकार आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही उवा, माशा, ढेकूण यांची गणना स्वेदजांत केली आहे. ही समजूत एकट्या हिंदूंची नव्हती. ॲरिस्टॉटलपासून युरोपातील पंडितही चिखलातून व कुजक्या मांसातून किडे आपोआप निपजतात असे मानीत. कीटकांना आतड्या-काळजासारखी अंतर्रचना नसते, ते अपूर्ण जीव होत, अळीचे फुलपाखरू होते ते एक प्राणी मरून दुसरा जन्मतो म्हणून, असेही त्यांचे मत होते. क्षुद्र जीव क्षुद्र रीतीने जन्मतात, त्यांत नियम कसला शोधावयाचा, अशी ही वृत्ती होती.

स्वामरडामने १६६९ मध्ये कीटकांवरील आपला ग्रंथ डच भाषेत प्रसिद्ध केला आणि या वृत्तीस मुळातून हादरा दिला. आदल्याच वर्षी इटलीत फ्रान्चेस्को रेदी याने झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत हे प्रयोगाने दाखविले होते. स्वामरडामने पुढचे पाऊल टाकले. अंडे, अळी, कोश आणि पंख फुटलेला जीव ही एकाच प्राण्याची चार रूपे होत, हे त्याने शरीर फोडून सिद्ध केले. पूर्ण वाढलेल्या अळीची कातडी तो अशा हलक्या हाताने सोली की आत घडी घालून ठेवलेले पंख, पाय आणि सोंड पाहणाराला दिसावी. त्याच्या कात्र्या इतक्या बारीक होत्या की त्यांना धार लावण्यासाठीही भिंग लागे. केसासारख्या काचनळ्यांतून तो किड्यांच्या नसांत रंग व मेण भरी, पाण्याखाली त्यांचे अवयव सुटे करी, आणि उन्हाळ्यात पहाटेपासून दुपारपर्यंत, घामाच्या धारा डोळ्यांत उतरेपर्यंत, उघड्यावर काम करीत बसे.

मधमाश्यांच्या पोळ्यात एक मोठी माशी असते. तिला विद्वान लोक राजा म्हणत आले होते. स्वामरडामने तिचे पोट उघडले आणि आत अंडाशय दाखविला. राजा म्हणून जिची स्तोत्रे गाइली गेली ती वस्तुतः माता होती. टेकडीवरच्या दोन मातांना नमस्कार करणाऱ्या आम्हां देवासकरांस या शोधात एक विशेष गोडी वाटते, हे लपवीत नाही. बेडकाचा स्नायू आकुंचन पावताना फुगत नाही हेही त्याने दाखविले, आणि मज्जातंतूंतून कसलासा वायू वाहून स्नायू फुगतात या देकार्तच्या अनुयायांच्या उपपत्तीचा पायाच ढासळला. बेडकाच्या रक्तातील तांबड्या कणांचे दर्शन प्रथम घेतल्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते.

आता या माणसाच्या दुःखाकडे वळू. तो नास्तिक नव्हता. उलट त्याची ईश्वरनिष्ठा इतकी उत्कट होती की प्रत्येक किड्याच्या रचनेत त्याला निर्मात्याची योजना दिसे. तेवेनो नामक आपल्या फ्रेंच मित्रास १६७८ मध्ये त्याने उवेच्या शरीररचनेचे वर्णन पाठविले, तेव्हा या क्षुद्र जीवात सर्वशक्तिमान ईश्वराचीच करणी आपण मित्रापुढे ठेवीत आहोत, अशी त्याची भावना होती. पण याच निष्ठेने त्याला पोखरले. आपण ईश्वरासाठी पाहतो की पाहण्याच्या सुखासाठी? शोधाचे श्रेय आपल्याला मिळावे म्हणून जुन्या सहाध्यायाशी आपण भांडलो, ते ईश्वरासाठी की मानासाठी? सृष्टीवर केलेले प्रेम हे स्रष्ट्याच्या वाट्यातून चोरलेले तर नव्हे? आंत्वानेत बूरिन्यों नावाची एक गूढवादी बाई त्या काळी संसारविरक्तीचा उपदेश करीत असे. स्वामरडामने तिला पत्रे लिहिली. १६७५ मध्ये, पंख फुटल्यावर एखादा दिवसच जगणाऱ्या पाण्याकाठच्या माशीवर त्याने पुस्तक प्रसिद्ध केले, आणि सूक्ष्म शरीरवर्णनाच्या मध्ये मनुष्यजन्माच्या क्षणभंगुरतेवर प्रार्थना आणि चिंतन भरले. रेशमाच्या किड्यावरील आपले लेखन त्याने नष्ट केले. चित्रे मात्र इटलीतील माल्पिघीकडे पोहोचती केली. मग सारे सोडून तो त्या बाईच्या आश्रयास उत्तरेकडे निघून गेला.

तेथे तो वर्षभरही राहिला नाही. १६७६ मध्ये परत आला आणि पुन्हा भिंग हाती घेतले. शेवटची वर्षे आजारपणात व अडचणीत गेली, पण काम चालू राहिले. मरताना त्याने हस्तलिखिते तेवेनोच्या नावे लिहून ठेवली. ती हातोहाती फिरत अखेर लायडनचा थोर वैद्य बूरहाव्हे याच्या हाती आली आणि त्याने १७३७-३८ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर सुमारे अठ्ठावन्न वर्षांनी, ती छापली. ग्रंथाचे नाव 'सृष्टीचे बायबल'. फुलपाखराच्या कोशाप्रमाणे एका माणसाचे आयुष्य दोन पिढ्या कागदांत गुंडाळून पडले होते.

त्याचा मित्र निल्स स्टेन्सन याची कथा याच्याशेजारी ठेवण्याजोगी आहे. 'जिव्हापाषाण' म्हणून ओळखले जाणारे त्रिकोणी दगड हे प्राचीन शार्क माशांचे दात होत, आणि दगडात सापडणाऱ्या अशा आकृती एके काळी जिवंत प्राण्यांचे अवयव होत्या, हे स्टेन्सनने प्रतिपादिले. त्याचा भूस्तरांवरील ग्रंथही १६६९ चाच. पाडल्याच्या भैरवाला अंडे म्हणून ओळखणारे शास्त्र त्याच्यापासून सुरू होते, असे म्हटले तरी चालेल. हा स्टेन्सन पुढे कॅथलिक झाला, १६७७ मध्ये बिशप झाला, आणि त्याने शास्त्र सोडून दिले. एकाच बाकावरचे दोन मित्र. एकाने देवासाठी भिंग खाली ठेवले, दुसऱ्याने खाली ठेवून पुन्हा उचलले. यांतला कोण अधिक भक्त, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु दोघांनाही निवड करावी लागेल असे वाटले, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

ज्या १६७५ साली स्वामरडाम या यातनेत होता, त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात कोचीन येथे रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण एका पत्रावर सही करीत होते. डच अधिकारी व्हान रेडे हा मलबारच्या वनस्पतींवर जो प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत होता, त्यासाठी सुमारे दोन वर्षे त्यांनी आणलेल्या वनस्पती पाहून, निघंटूशी ताडून, त्यांची नावे व गुण सांगितले होते. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचाही त्या कामात मोठा हात होता. तिघांचे ते प्रमाणपत्र कोंकणी भाषेत व देवनागरी लिपीत आहे. ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये स्वामरडामच्याच ॲम्स्टरडॅम शहरात छापला गेला, त्यात ते उमटले. छापील देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. या पानांवर कोंकणी व मराठी शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा त्या तीन सह्यांचे स्मरण करणे उचितच आहे.

पान, फूल, मूळ हाताळून त्यांची परीक्षा करण्याने धर्मास बाधा येते असे त्या तिघांना वाटते, तर हे काम त्यांच्या हातून झाले नसते. स्वामरडामला जी भिंत आडवी आली ती त्यांना आली नाही. याचे कारण आमच्या मते उघड आहे. जो परमेश्वर सृष्टीहून सर्वथा वेगळा मानला जातो, त्याच्यावरचे प्रेम आणि सृष्टीवरचे प्रेम यांत वाटणीचा तंटा उद्भवू शकतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगितल्या आहेत. तो विचार ज्याने मानला, त्याला पर्वत, वृक्ष, मासा, सर्प यांच्याकडे पाहणे हे दर्शनाचेच एक अंग ठरते. तंट्याला जागाच उरत नाही.

येथवर वाचून वाचकास समाधान वाटेल, आणि नेमके तेच आम्हांस नको आहे. कारण याच्या पुढचा प्रश्न आपल्याला अडचणीत टाकणारा आहे. चराचरात ईश्वर आहे हे तत्त्व आपल्याकडे होते, तर मग किड्याकडे पाहिले कोणी? ज्याच्या धर्माने त्याला पाहण्याची मोकळीक दिली नव्हती असे त्याला वाटत होते, त्याने आयुष्य वेचून पाहिले. ज्यांच्या धर्माने पाहण्यास मोकळी वाट ठेवली होती, त्या आपण बहुतांशी डोळे मिटून तत्त्वाचा जप केला.

कीर्तनात नेहमी येणारा एक दृष्टान्त घ्या. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदूला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, आणि एकनाथ महाराजांच्या टीकेमुळे ते मराठी घराघरांत पोहोचले आहेत. त्यांत शेवटचा गुरू भिंतीत घर करणारी माशी हा आहे. तिने अळीला आणून घरात कोंडले की ती अळी भयाने अखंड तिचेच ध्यान करते, आणि ध्यान करता करता तीच माशी होऊन बाहेर पडते, असा हा कीटभृंगन्याय. मन ज्याचा ध्यास घेते तद्रूप होते, हे तत्त्व त्यातून सांगावयाचे असते.

आपल्या घराच्या तुळईवर कुंभारीण माशी मातीचे इवले मडके बांधते, ते एकदा निगुतीने पाहावे. ती अळीला नांगी मारून लुळी करते, मडक्यात कोंडते आणि तेथेच आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले तिचे पोर त्या अळ्या खाऊन वाढते, आणि पंख फुटले की मडके फोडून बाहेर पडते. अळीची माशी झालेली नसते. अळी खाल्ली गेलेली असते. हे पाहण्यास सूक्ष्मदर्शकही लागत नाही. एक मडके फोडण्याइतके कुतूहल पुरते. तरी शतकानुशतके आपण दृष्टान्त देत राहिलो आणि मडके कोणी फोडले नाही.

तर मग कीर्तनकाराने काय करावे? हाच आमच्या लेखाचा खरा वादमुद्दा आहे. आमच्या व्यवसायात एक साधा नियम आहे. दाव्यातील एखादा साक्षीदार खोटा ठरला म्हणून दावा आपोआप खोटा ठरत नाही, पण त्या साक्षीदाराला पुन्हा पिंजऱ्यात उभे करता येत नाही. दावा अन्य पुराव्यावर उभा राहिला पाहिजे. दृष्टान्त हा साक्षीदार आहे, सिद्धान्त हा दावा आहे. ध्यासाने मन घडते हे सत्य असेल तर ते प्रल्हादाच्या व मीरेच्या चरित्रात, आपल्या स्वतःच्या अनुभवात सापडेल. त्याला कुंभारणीच्या मडक्याचा आधार लागू नये. आणि ते केवळ त्या मडक्यावरच उभे असेल, तर ते कधी उभे नव्हतेच. हा विचार परंपरेबाहेरचा आहे असेही नाही. जे प्रत्यक्षाने स्पष्ट कळते त्याच्या विरुद्ध श्रुतीचेही प्रामाण्य चालत नाही, हे शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या अखेरच्या अध्यायात ठामपणे सांगितले आहे. आचार्यांना जे भय वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

पण पाहणाराची बाजूही तपासली पाहिजे, कारण भिंग हातात असल्याने माणूस सर्वज्ञ होत नाही. कोशात फुलपाखराचे अवयव घडी घालून ठेवलेले असतात हे स्वामरडामने पाहिले. तेवढ्यावर न थांबता, अंड्यातही सारा जीव तयारच असावा, त्याच्या पोटी पुढची पिढी, तिच्या पोटी त्यापुढची, अशा सर्व पिढ्या आदिमातेच्या ठायी प्रथमपासून असाव्यात, या तर्काकडे तो झुकला. आदिमातेचे पाप सर्व मानवांना कसे लागले या धर्मप्रश्नाचेही उत्तर त्यात मिळत होते, म्हणून तो तर्क अधिकच गोड लागला. पुढे १७५९ मध्ये वोल्फ याने कोंबडीच्या गर्भाचे निरीक्षण करून अवयव क्रमाने नव्याने घडतात हे दाखविले. राणीमाशीचा नराशी संयोग पाहावयास मिळाला नाही, तेव्हा नरांच्या नुसत्या गंधानेच तिला गर्भधारणा होत असावी असे अनुमान त्याने केले. तेही चुकले. जेथवर तो पाहत होता तेथवर अचूक होता. पाहणे संपल्यावर त्याने जे जोडले, तेथे तो फसला.

योगायोग असा की, अंड्याच्या आत अंडे ही वस्तू आमच्या धार जिल्ह्यातच सापडली आहे. पाडल्याजवळ मिळालेल्या एका अश्मीभूत अंड्यात दुसरे अंडे आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्ष्यांत कधी कधी तयार झालेले अंडे मादीच्या पोटात मागे ढकलले जाते आणि त्यावर दुसरे कवच चढते, तसाच हा प्रकार. पिढीच्या पोटात पिढी या तर्काशी त्याचा काही संबंध नाही. ती एक विकृती आहे, आणि डायनोसॉरांचे पक्ष्यांशी असलेले नाते दाखविणारी म्हणून मोलाची आहे. मनात असलेली गोष्ट दगडात दिसू लागणे हा धोका भक्ताला आहे तसाच पंडितालाही आहे.

आता काकर भैरवाकडे येऊ. तो दगड अंडे आहे ही तज्ज्ञांची साक्ष मान्य केली, तर शेतकऱ्याची पूजा खोटी ठरते काय? हा दगड कोणत्या द्रव्याचा आहे असा त्याचा दावा कधी होताच कोठे? आपले शेत, आपली गुरे, आपली लेकरे आपल्या एकट्याच्या बळावर राखली जात नाहीत, ही जाणीव तो त्या दगडापुढे व्यक्त करीत होता. ती जाणीव कालही खरी होती, आजही आहे. आपल्या देव्हाऱ्यातील शाळिग्राम पाहा. गंडकीच्या पात्रातून येणारी ती काळी शिळा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शंखधारी सागरी जीवाचा अश्म होय, आणि तिच्यावरील चक्र ही त्याच्या शंखाची वेटोळी होत. हे कळून बराच काळ लोटला. कोणी तुळशीपत्र वाहावयाचे थांबविले असे आम्ही ऐकले नाही. उलट शाळिग्रामाची परीक्षा कशी करावी, चक्रे किती, द्वार कसे, रंग कोणता, यावरून केशव कोणता व नारायण कोणता हे कसे ओळखावे, याची लक्षणे आपल्याच ग्रंथांत बारकाईने दिली आहेत. त्या शिळेपुरते तरी निरखून पाहणे आणि पूजिणे या दोन क्रिया कधी वेगळ्या पडल्या नव्हत्या.

यात एक बंधन मात्र आहे, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे. शेतकऱ्याने वा पुजाऱ्याने वस्तूविषयी खोटे सांगू नये. या दगडाने अमुक रोग बरा होतो असे म्हणताच तो दावा वस्तुस्थितीचा होतो आणि पुराव्याच्या कसोटीस उतरावा लागतो. संशोधकानेही आपल्या साक्षीची मर्यादा ओलांडू नये. दगड काय आहे हे सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्यापुढे हात जोडणाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्याच्या भिंगाखाली येत नाही. शिवाय जे अंडे पिढ्यान्‌पिढ्या पूजेत राहिले ते फुटले नाही, विकले गेले नाही, हेही विसरू नये. तेव्हा त्याचे नवे राखणदार आणि जुने भक्त यांनी एकमेकांस चोर समजण्याचे कारण नाही.

एक शंका उरते आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वामरडामच्या ज्ञानाची किंमत कोणी दिली? असंख्य किडे, माशा आणि जिवंतपणी चिरलेले बेडूक यांनी. ज्या समाजात अहिंसा हा परम धर्म म्हणून उच्चारला जातो, त्याने हे ज्ञान निःशंक मनाने कसे घ्यावे? आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने यावर एक मध्यम मार्ग काढला आहे. ज्ञानवृद्धीसाठी वा जीव वाचविण्यासाठी प्रयोगास तो मुभा देतो. पण शक्य तेथे प्रयोग टाळावेत, शिकविण्याचे काम पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी भागत असेल तेथे प्राणी वापरू नयेत, मोठ्या प्राण्याऐवजी लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठ्यास हात लावू नये, वेदना होऊ नयेत अशी काळजी घ्यावी, अशा अटी घालतो. त्या लहान प्राण्यांच्या यादीत बेडकाचे नाव स्पष्ट लिहिले आहे. कायदा येथे बेडकाला न्याय देतो की सोयीस्कर बळी ठरवितो, हे वाचकांनीच ठरवावे. आमचे मत एवढेच की, स्वामरडामला जी टोचणी लागली ती निरर्थक नव्हती. त्याने तिचा रोख चुकीच्या दिशेला धरला. ईश्वराचे प्रेम आपण चोरतो आहोत काय, असे त्याने स्वतःस विचारले. आपल्या हाताखालच्या जीवाचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्याच्या अधिक जवळचा होता. जो पाहतो त्याने हा प्रश्न सोडू नये. जो आजच्या औषधोपचारांचा लाभ घेतो त्यानेही सोडू नये, कारण त्या उपचारांमागे असे कितीतरी बेडूक आहेत.

देवस्थानांतून आता मुलांसाठी संस्कारवर्ग चालतात. तेथे अवधूताचे चोवीस गुरू अवश्य सांगावेत. मात्र कुंभारणीची गोष्ट सांगताना तिचे मडके मुलांना दाखवावे, आत काय घडते ते खरे सांगावे, आणि पूर्वजांनी येथे पुरते पाहिले नव्हते हेही न लाजता सांगावे. अवधूताने माशीला, मधमाशीला, कोळ्याला गुरू केले ते त्यांच्याकडे पाहूनच. त्याच्या पाहण्यात कोठे उणे राहिले असेल, तर ते भरून काढणे हे शिष्याचे काम आहे. गुरूची चूक जशीच्या तशी जपून ठेवण्याने गुरुभक्ती होत नाही. देवळाच्या आवारातील पिंपळाखाली मुंग्यांची रांग चाललेली असते. प्रदक्षिणा घालताना तेथे घटकाभर थांबून ती पाहणाऱ्या मुलाला कोणी हात धरून ओढू नये. ते मूल देवाकडे पाठ फिरवून उभे आहे, असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही.